संग्रह किती असावा? दसऱ्यानंतरच्या उन्हात उघडून होईल तेवढा

वडगाव येथील एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा. घर अडीच खोल्यांचे आहे. यजमानांना गेली अठरा वर्षे जुनी नाणी, टपाल तिकिटे, तांब्यापितळेची भांडी, दिवाळी अंक आणि जुनी कागदपत्रे जमवण्याचा छंद आहे. नाण्यांचे डबे स्वयंपाकघराच्या फळीवर आहेत, भांडी माळ्यावर आणि जिन्याखाली आहेत, अंकांचे गठ्ठे मधल्या खोलीत आतल्या भिंतीला लावून रचले आहेत, आणि आत काय आहे हे आता कोणालाच आठवत नाही अशा दोन पत्र्याच्या ट्रंका देवघराखाली आहेत. मुलगी यंदा दहावीला असून तिच्या टेबलाला जागा नाही. छंद मोडायचा नाही, पण घरात चालायला वाट हवी, तर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी एका बँकेत एकतीस वर्षे रोखपाल होतो आणि नाण्यांचे वेड मला तिथल्या काउंटरवरच लागले. निवृत्तीनंतर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील बऱ्याच घरांतले संग्रह लावून देण्याचे काम मी केले आहे, त्यामुळे संग्राहकाचे मन आणि त्याच्या घरच्यांचा वैताग हे दोन्ही मला जवळून ठाऊक आहेत. बेळगावच्या शहापुरातील माझ्या स्वतःच्या घरात एके काळी सोप्यापासून परड्यापर्यंत सामान पसरलेले होते. एका रात्री आमची सौभाग्यवती अगदी शांतपणे म्हणाली होती, "ठेवा की सगळं. आम्हाला झोपायला जागा तेवढी दाखवा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

संग्राहकाच्या घरी गेल्यावर मी आधी संग्रह पाहत नाही, संग्रहाभोवतीचे सामान पाहतो. अल्बममध्ये लावलेली नाणी आणि स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटे बसवायच्या वहीत, लावलेली तिकिटे सहसा एका कपाटात मावलेली असतात. पसारा होतो तो निर्णयाची वाट पाहत पडलेल्या वस्तूंचा. अदलाबदलीसाठी बाजूला काढलेले डबल (एकाच प्रकारचे जादा नग), कल्हई लावून आणायचे पातेले, सवडीने भिजवून तिकिटे सोडवायची म्हणून साठवलेली पाकिटे, केव्हातरी चाळू म्हणून रद्दीच्या दुकानातून उचललेला गठ्ठा, आणि "तुम्हाला आवड आहे म्हणून आणलं" असे म्हणून पाहुण्यांनी हातात दिलेली, नको म्हणता न आलेली वस्तू, अशा सामानाने घर भरते. म्हणून ताई, "तुमचा संग्रह कमी करा" असे यजमानांना म्हणू नका. ते दुखावतील, आणि त्यांचे दुखावणे चुकीचे ठरणार नाही. "वाट पाहणारे सामान कमी करा" असे म्हणून पाहा. ते सामान त्यांनाही बोचत असते, फक्त ते तसे बोलून दाखवत नाहीत.

यावर मी सांगतो तो उपाय साधा आहे. वाट पाहणाऱ्या सगळ्या सामानाला मिळून घरात एकच ट्रंक द्यावी, आणि ती भरली की तिच्यातले काहीतरी मार्गी लागेपर्यंत नवीन काहीही आणू नये. दुसरी ट्रंक घेतली की हा उपाय संपला. तुमच्याकडे दोन आहेत, म्हणजे तो एकदा संपून गेलेला आहे. ज्या वस्तूचा निर्णय झाला ती संग्रहाच्या कपाटात जाते, नाहीतर घराबाहेर जाते. तिसरी जागा, म्हणजे जिन्याखाली, पलंगाखाली किंवा फ्रिजवर, तिला मिळता कामा नये.

आता खुद्द संग्रह किती असावा हा प्रश्न राहतो. लोक त्याचे माप चौरस फुटांत काढतात, पण आपल्या भागाला ते माप लागू पडत नाही. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत बेळगावची हवा ओली असते आणि खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीकडे, तर घरातली भिंतही हाताला गार आणि ओलसर लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर, कापडावर आणि चामड्यावर बुरशी धरू लागते. कसर आणि वाळवीलाही तीच हवा मानवते. या चार महिन्यांत जी वस्तू बंद राहते तिचे काय झाले हे पावसाळा संपल्यावर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याने उघडून पाहिले नाही त्याचा संग्रह त्याच्या नकळत सडत असतो. म्हणून माझे माप वेगळे आहे. दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये आपल्याकडे जे कोरडे, स्वच्छ ऊन पडते त्या दिवसांत घरातल्या दोन माणसांनी दोन रविवार बसून जेवढे उघडता, पाहता, पुसता आणि परत जागेवर ठेवता येते तेवढाच संग्रह ठेवावा. उन्हात म्हणजे थेट उन्हात नव्हे. वस्तू सावलीत, हवेशीर जागी पसरायच्या, कारण थेट उन्हाने शाई उडते, कागद कडक होतो आणि तिकिटांचा रंग उतरतो. दोन रविवारांत काम पुरे झाले नाही, तर घर लहान असो की मोठे, संग्रह तुमच्या हाताबाहेर गेला आहे असे समजावे. हे माप सोलापूर-विजापूरकडच्या कोरड्या हवेतल्या माणसाला कदाचित पटणार नाही. तिकडे वस्तू माळ्यावर विसरली तरी बरीच वर्षे टिकते.

हे दिवस मी मुद्दाम दसऱ्यानंतरचे धरतो. आपल्या घरांत खरी झाडलोट घट बसण्याच्या आधी होते. गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळे धुऊन निघते, आणि संग्राहकाला वर्षभरात सर्वात मोठा धोका त्याच आठवड्यात असतो. माझी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील तांब्याची काही पाव आण्याची नाणी मी स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारच्या एका डब्यात ठेवली होती. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात आईने घरातली तांब्यापितळेची भांडी काढली तेव्हा तो डबाही खाली आला. संध्याकाळी मी परतलो तर परड्यात फडक्यावर ती नाणी वाळत घातली होती. चिंच आणि मिठाने घासून ती ताज्या तांब्यासारखी गुलाबी, लखलखीत झाली होती आणि राणीच्या केसांच्या बारीक रेषा पुसट झाल्या होत्या. शंभर वर्षांत धातूवर बसलेला तो गर्द तपकिरी थर म्हणजे नाण्याचे वय आणि त्याचे संरक्षणही असते. तो गेला की जाणकार विक्रेता नाणे हातात घेऊन परत देतो. आईचा त्यात काही दोष नव्हता. स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवलेली वस्तू घासायची असते असे तिने मानले, तर चूक ठेवणाऱ्याची. ताई, तुमच्या फळीवरचे डबे आधी तिथून हलवा, आणि कोणी कितीही प्रेमाने म्हणाले तरी नाणी लिंबू, चिंच, राख किंवा पॉलिशने घासू देऊ नका.

नाण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जागा सर्वात लवकर मोकळी होते ती इथेच. बहुतेक घरांतल्या नाण्यांच्या डब्यांत प्रकार थोडे आणि नग फार असतात. एका घरी गेंड्याच्या चित्राची, स्टीलची पंचवीस पैशांची चारशेहून अधिक नाणी एका बरणीत होती. ती बरणी सोप्यातल्या सतरंजीवर ओतून आम्ही त्या घरातल्या शाळकरी मुलीच्या हाती भिंग दिले. ही नाणी 1988 ते 2002 या काळातील असून प्रत्येकावर वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण पाहायची असते. मुंबईची हिऱ्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. पंधरा वर्षे आणि चार टांकसाळी धरल्या तर सगळे वेगवेगळे नग साठाच्या वर जाऊच शकत नाहीत. तासाभरात मुलीने साध्या शिसपेन्सिलीने चौकटी आखून तक्ता भरला, प्रत्येक चौकटीसाठी सर्वात कमी झिजलेले नाणे निवडले आणि बरणीतले साडेतीनशेच्या वर नग डबल ठरले. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली आहेत, त्यामुळे ते डबल आता बँकेतही बदलून मिळत नाहीत. ते शाळेतल्या मुलांना वाटले तरी चालते. निवडलेली नाणी पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकोनी होल्डरमध्ये, पारदर्शक पॉलिएस्टरच्या खिडकीमागे ठेवून, एका पानावर वीस याप्रमाणे लावली की दहा पानांचा एकच अल्बम दोनशे नाणी सामावून घेतो. त्या घरची बरणी गेली आणि कपाटात चार बोटे जाडीचा एक अल्बम आला.

होल्डरबद्दल एक सूचना अवश्य पाळावी. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे पीव्हीसीची असतात, आणि आपल्या ओल्या हवेत ती काही वर्षांत चिकट, हिरवट थर सोडतात. तांबे आणि चांदी या दोन्हींना तो खातो. असा थर नुकताच धरला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून तो सुटतो. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर आणि न घासता करावे. नेलपॉलिश काढायचे द्रव यासाठी वापरू नये, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

टपाल तिकिटांना जागा कमी लागते, पण हवा सर्वात जास्त बाधते. न वापरलेल्या तिकिटाच्या मागचा गोंद पावसाळ्यात सुटतो आणि तिकीट पानालाच चिकटते. स्टॉकबुके एकावर एक आडवी रचू नयेत. पुस्तकासारखी उभी, थोडी सैल ठेवावीत, पानांमध्ये ग्लासिनचा (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद असावा, आणि पाऊस कोसळत असताना कोणाला दाखवायची म्हणूनही ती उघडू नयेत. विषयाला मर्यादा घातली तर तिकिटे घर कधीच भरत नाहीत. उदाहरणार्थ, स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघाले आणि 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली. या दोन तारखांच्या मधली, आण्यांतली तिकिटे एवढाच विषय धरला तर एक स्टॉकबुक पुरते आणि संग्रह कधीतरी पूर्ण झाल्याचे समाधानही मिळते. जगभरची तिकिटे जमवणाऱ्याला ते सुख नाही.

भांड्यांबाबत मी थोडा कठोर आहे. घंगाळ, पाण्याचा बंब, मोठी परात, घागरी या वस्तू सुंदर असल्या तरी अडीच खोल्यांत त्या संग्रह म्हणून ठेवता येत नाहीत, वापरात असतील तरच ठेवता येतात. घागर पाण्याला वापरा. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून आणा आणि सणाला त्यात भात करा, मात्र कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट पदार्थ ठेवू नका. समई आणि पंचपात्री देवघरात असू द्या. वापरात असलेली वस्तू आपोआप पुसली जाते आणि तिच्या जागेबद्दल कोणी कुरकुर करत नाही. जे वापरता येणार नाही त्यातले एक, फार तर दोन नग ठेवून बाकीचे भावंडांत आणि नातेवाइकांत वाटून टाकावेत. अपवाद मापांचा. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही धान्याची मापे एकात एक बसतात आणि सगळा संच पायलीच्याच जागेत राहतो. लहान घरातल्या संग्राहकाने भांड्यांत काही जमवायचेच असेल तर मापे जमवावीत. मेट्रिक मापे रुळण्याआधी हीच आपल्या बाजारात चालत होती, आणि काहींच्या बुडाशी संस्थानी शिक्केही सापडतात.

कागदपत्रे हा आपल्या सीमाभागातला सर्वात मोलाचा आणि सर्वात दुर्लक्षित विषय आहे, म्हणून त्यावर मी थोडा रेंगाळतो. दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रे यांचा कागद बहुधा स्वस्त लगद्याचा असतो. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, कडांनी तुटतो आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डागाळतो. अंकांचे गठ्ठे राखण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांचे मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवावेत, यजमानांना खरोखर जपावेसे वाटतात ते अंक निवडावेत, आणि उरलेल्यांबद्दल गावातल्या ग्रंथालयाला आधी यादी देऊन विचारावे. न विचारता पोत्यातून अंक नेऊन देणारे लोक ग्रंथपालाच्या डोक्याला ताप देतात. आपल्या घरची अडगळ तिथे गेली म्हणून तिचे अडगळपण संपत नाही.

पण घरातले जुने कागद मात्र वेगळे आहेत. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते, 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, त्या राज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले आणि 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते. याचा अर्थ असा की घर न बदलता, गल्ली न बदलता एकाच कुटुंबाच्या शाळेच्या दाखल्यांवर, कोर्ट-फी स्टॅम्पवर, शेतसाऱ्याच्या पावत्यांवर आणि पाकिटांवर तीन-चार वेगवेगळ्या राज्यांची नावे आढळतात. आजोबांचा दाखला मोडीत, वडिलांचा बाळबोध मराठीत आणि नातवाचा कन्नडमध्ये, असा क्रम मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. यजमानांनी असा एकच विषय धरावा, म्हणजे स्वतःच्या घराण्याचे आणि आपल्या गल्लीचे कागद, तर तो संग्रह दोन बॉक्स-फायलींत मावतो आणि जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे तसा असण्याची शक्यता कमी. विषयाला कुंपण घातले की रद्दीच्या दुकानात शिरतानाच काय उचलायचे नाही हे माणसाला कळते, आणि घर त्या दुकानाच्या दारातच आवरले जाते.

हे कागद लॅमिनेट करू नका. त्यातली उष्णता आणि चिकट थर कागदाला कायमचे बिघडवतात. सेलोटेप लावू नका, गंजलेल्या टाचण्या कोरड्या दिवसांत हलक्या हाताने काढा, घड्या उलगडून सपाट ठेवा आणि आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये घाला. डांबराच्या गोळ्या अल्बममध्ये आणि फायलींत टाकू नयेत. त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडते आणि घरात श्वासालाही त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकता ठेवायला हरकत नाही. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण रंग बदलणारे दाणे बदलले म्हणजे ते ओल पिऊन बसले आहेत हे लक्षात घेऊन त्यांना पुन्हा तापवून कोरडे करावे लागते. एकदा ठेवलेली पुडी चार पावसाळे तशीच राहिली तर ती असून नसल्यासारखी आहे.

कपाट लोखंडी असावे, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असावे, कारण आपल्याकडचा पाऊस त्याच बाजूने झोडपतो. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर ठेवावे आणि सर्वात खालचा कप्पा रिकामा किंवा धातूच्या वस्तूंसाठी ठेवावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या दगडी, धातूच्या किंवा लाकडी मूर्ती आणि चित्रे घरी असतील तर 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याखाली त्यांची नोंदणी करावी लागते. साध्या नाण्यांना ती अट नाही. मात्र शेतात नांगरताना पुरलेले धन सापडले तर कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हलशी, देगाव या बाजूंना शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, उभे दिसतात. ते तिथेच शोभतात आणि तिथेच राहिले पाहिजेत. कोणी "घेऊन जा" म्हणाले तरी ते घरी आणू नयेत.

पसारा वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे "पुढे किंमत येईल" ही आशा. राणीछाप चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो आणि त्यातली बहुतेक वर्षे भरपूर मिळतात; त्याला चांदीच्या भावापेक्षा थोडेच अधिक मिळते. ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतील असे सांगणारे फोन आणि जाहिराती फसवणुकीच्या असतात. रिझर्व्ह बँकेने आपले नाव वापरून अशा खरेदीसाठी शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सूचनाही दिली होती. काउंटरवर बसलेला असताना मला आठवड्याला एक तरी गृहस्थ भोकाचा पैसा दाखवून "किती येतील?" असे विचारत असत. उत्तर ऐकल्यावर ते नाणे पुन्हा त्याच पाकिटात जाई आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर येई.

आता घरातल्या माणसांबद्दल. यजमान गावाला गेलेले असताना रद्दीवाल्याला बोलावू नका. एका घरी तसे झाले होते. परतल्यावर ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण पुढच्या सहा महिन्यांत गेलेल्या दोन गठ्ठ्यांच्या बदल्यात चार आले, आणि ते कपाटाला कुलूप लावून. त्याऐवजी पैशांचा, जागेचा आणि वेळेचा करार उघडपणे करावा: महिन्याला किती खर्च, कोणते कपाट, कोणती एक ट्रंक, आणि दसऱ्यानंतरचे कोणते दोन रविवार. प्रत्येक वस्तूबरोबर ती कुठून, कधी, कितीला आली याची एका वहीत नोंद करायला लावावी. ज्या वस्तूबद्दल दोन ओळीही लिहाव्याशा वाटत नाहीत तिचा निर्णय तिथेच होतो. हे काम मुलीला बरोबर घेऊन केले तर उत्तम, पण दहावीची परीक्षा झाल्यावर.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी, जरी तुमच्या वर्णनावरून ती तुमच्या घरी लागू दिसत नाही. काही माणसांना दुधाच्या पिशव्या, फुटलेल्या बादल्या, जुनी बिले यांतले काहीही टाकवत नाही. टाकायचे म्हटले की त्यांचा जीव कासावीस होतो, स्वयंपाकघर आणि झोपायची जागाही वापरण्याजोगी राहत नाही. हा छंद नव्हे, आजार असू शकतो. मानसोपचारशास्त्रातील अमेरिकन वर्गीकरणाने 2013 मध्ये त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. अशा माणसाची चेष्टा करून किंवा त्याच्या वस्तू फेकून देऊन तो बरा होत नाही. आपल्या भागातून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. तिथे किंवा गावातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला समजावून न्यावे. संग्राहक वस्तू दाखवताना खुलतो आणि अशा आजाराचा माणूस वस्तू लपवतो, एवढा फरक अनुभवाने मला जाणवला आहे, पण निदान मात्र डॉक्टरांनीच करावे.

राहिला टेबलाचा प्रश्न. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मधल्या खोलीतली आतली भिंत, जिला आता अंकांचे गठ्ठे टेकलेले आहेत, ती घरातली सर्वात कोरडी भिंत असणार, कारण तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. कागदासाठी सर्वात चांगली जागा तीच आणि मुलीसाठीही तीच. टेबल तिथे लावा, आणि टेबलाच्या डावीकडे, खिडकीचा उजेड न अडवता, साडेतीन फूट उंचीचे एकच लोखंडी कपाट ठेवा. ते यजमानांचे. गठ्ठ्यांतले अंक मुखपृष्ठांचे फोटो काढून झाले की याच महिन्यात हलवा, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. देवघराखालच्या ट्रंकांपैकी एक आधी यजमानांसमोर, त्यांच्याच हातून उघडा. तिच्यात काय निघते ते पाहून दुसरी रिकामी करायची की भंगारात घालायची हे ते स्वतः ठरवतील. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी शहापुरातच असतो. नाण्यांच्या डब्यांत टांकसाळीच्या खुणा ओळखताना अडचण आली तर भिंग घेऊन येईन.